बर्लिनमधली ‘गुलाबी त्रिकोण’ पायी फेरी : पैसे वसूल, पण दोन तक्रारी

बर्लिनला निघालेल्या ओळखीच्या दोघीतिघींनी मला या फेरीबद्दल विचारलं. प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. नाझींच्या काळात समलिंगी माणसांचा जो छळ झाला, त्याच्या खुणा दाखवणारी ही फेरी आहे. छावणीत अशा कैद्यांच्या कपड्यावर गुलाबी त्रिकोण लावत, त्यावरून हे नाव. माणशी वीस युरो, साधारण तीन तास, इंग्रजीतून. सुरुवात नोलेंडॉर्फप्लाट्झ स्टेशनच्या बाहेर. मध्ये एक छोटा मेट्रोचा प्रवास आहे, त्याचं तिकीट आपलं आपण काढायचं. घ्यावी का? घ्यावी. तक्रारी आहेत, त्या पुढे मांडतेच, पण या विषयावर इतक्या तयारीने बोलणारा माणूस एरवी भेटणं अवघड.

मी जिल्हा न्यायालयात नोकरी केली, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. फायली लावणं, मुद्देमालाच्या याद्या तपासणं, जबाबाखाली सही आहे का ते बघणं यात आयुष्य गेलं. त्यामुळे माझं लक्ष कागदांकडे आधी जातं, पुतळ्यांकडे नंतर. आणि या फेरीचं खरं बळ कागदांतच आहे. आमच्या वाटाड्याकडे (तिशीतला जर्मन मुलगा, कायदा शिकलेला) एक जाड फोल्डर होतं. प्रत्येक थांब्यावर तो त्यातून एकेक प्रत काढायचा, हातोहात फिरवायचा आणि सगळ्यांनी बघेपर्यंत गप्प उभा राहायचा. जर्मन मजकूर, खाली इंग्रजी भाषांतर. वाचायला वेळ देणारा वाटाड्या मला पहिल्यांदाच भेटला.

नोलेंडॉर्फप्लाट्झच्या भिंतीवर लालसर ग्रॅनाइटचा त्रिकोण बसवलेला आहे, १९८९ साली. मारून टाकलं आणि मग मौनानेही मारलं, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. येणारेजाणारे घाईत असतात, दाखवला नसता तर मीही पुढे गेले असते. तिथून मोट्झश्ट्रासेवर चालत गेलं की २४ नंबरची इमारत लागते. इथे ‘एल्डोराडो’ होतं, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आणि पुढची दोनतीन वर्षं साऱ्या युरोपात गाजलेलं नाचगाण्याचं ठिकाण. आता तिथे सेंद्रिय भाजीपाल्याचं दुकान आहे. वाटाड्याने दुकानासमोर उभं करून १९३३च्या मार्चमधला फोटो दाखवला. तीच इमारत, तोच कोपरा, पण दारंखिडक्यांवर स्वस्तिकं आणि हिटलरला मत द्या म्हणणारे फलक. त्याच्या आधीच्याच महिन्यात अशी ठिकाणं बंद करण्याचा हुकूम निघाला होता. हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला ३० जानेवारीला. म्हणजे महिनासुद्धा लोटला नव्हता.

इथे त्याने फोल्डरमधून पहिला महत्त्वाचा कागद काढला. जर्मन दंडसंहितेतलं कलम १७५, जुनं आणि नवं, शेजारी शेजारी छापलेलं. जुनं १८७१चं, म्हणजे बिस्मार्कच्या काळातलं. तेव्हाही पुरुषापुरुषांतला संबंध गुन्हाच होता, पण प्रत्यक्ष संभोगासारखं कृत्य झालं हे सिद्ध करावं लागायचं आणि ते पोलिसांना जड जायचं. २८ जून १९३५ला नाझींनी हे कलम बदललं आणि १ सप्टेंबरपासून ते लागू झालं. आता कुठलंही ‘अश्लील’ वर्तन पुरे झालं. न्यायालयांनी त्याचा अर्थ इतका ताणला की स्पर्श झालेला नसला तरी गुन्हा ठरायचा. शिवाय १७५-अ हे नवं पोटकलम आलं, त्यात दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

हे मी वाचून गेले होते. मला माहीत नव्हतं ते पुढचं. त्याच दिवसाच्या कायद्याने दंडसंहितेत आणखी एक तरतूद घातली : एखादं कृत्य कुठल्याच कलमात नेमकं बसत नसेल, तरी ‘लोकांच्या निकोप भावने’नुसार ते शिक्षेला पात्र वाटत असेल, तर जवळच्या कलमाखाली शिक्षा देता येईल. मी ते दोनदा वाचलं. कायद्यात लिहिलेलं नाही त्याला शिक्षा नाही, या एका वाक्यावर आमचं सगळं काम उभं होतं. पहिल्या दिवशी नोकरीवर रुजू झालेल्या शिपायालाही ते ठाऊक असतं. इथे ते एका कायद्याने काढून टाकलं होतं, राजपत्रात छापून, तारखेसकट. छळ म्हटलं की आपल्याला मध्यरात्री दार तोडणारे लोक आठवतात. तेही झालं. पण यातलं पुष्कळसं कचेरीच्या वेळेत, शिक्क्यानिशी, जावक क्रमांक टाकून झालं आहे. ही गोष्ट मला या फेरीने दिली, आणि माझ्या दृष्टीने वीस युरो तिथेच फिटले.

आकडेही त्याने नीट दिले. १९३३ मध्ये या कलमाखाली ८५३ जणांना शिक्षा झाली, १९३८ मध्ये साडेआठ हजारांच्या वर. नाझींच्या बारा वर्षांत अटक झालेले सुमारे एक लाख, शिक्षा झालेले पन्नास हजारांच्या आसपास. छळछावण्यांत गेलेले पाच ते पंधरा हजार. हा शेवटचा आकडा इतका सैल का, असं मी विचारलं. बऱ्याच छावण्यांचे कागद नष्ट झाले, हे त्याचं उत्तर.

मग एका खटल्याची फाइल, नाव झाकलेलं. बर्लिनच्या अभिलेखागारात अशा फायली पुष्कळ आहेत. सुरुवात शेजाऱ्याच्या अर्जाने : अमुक इसमाकडे रात्री तरुण मुलं येतात. मग घरझडती. जप्तीच्या यादीत पत्रं, फोटो आणि पत्त्यांची वही. मग जबाब, आणि प्रत्येक प्रश्नाचा रोख एकच, आणखी कोण. वहीतलं एकेक नाव पुढच्या अटकेचा धागा. जबाबाच्या प्रत्येक पानाखाली आरोपीची सही होती. पहिल्या पानावरची सुरेख, शेवटच्या पानावरची ओळखूही न येणारी. वाटाड्याने त्यावर काहीच भाष्य केलं नाही, कागद फक्त पुढे सरकवला. माझ्या मागे उभ्या असलेल्या भाच्याने तो घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

भाच्याचं सांगते. माझ्या बहिणीचा मुलगा बर्लिनमध्ये नोकरी करतो, त्याचं लग्न तिथल्याच एका मुलाशी झालं आहे. जर्मनीत २०१७च्या १ ऑक्टोबरपासून असं लग्न कायदेशीर आहे. मी त्यांच्याकडेच उतरले होते. फेरीला दोघेही आले. मी हे सगळं इतक्या आस्थेने का लिहिते आहे, हे कुणी विचारण्याआधीच सांगितलेलं बरं.

पुढे यू-२ मेट्रोने पोट्सडामर प्लाट्झ, आणि तिथून एबर्टश्ट्रासेने टियरगार्टन या मोठ्या बागेच्या कडेला. ज्यूंच्या स्मारकाचे हजारो काँक्रीटचे ठोकळे रस्त्याच्या पलीकडे दिसतात आणि अलीकडे झाडांत एकच करडा ठोकळा, साडेतीन मीटरच्या वर उंच. हे समलिंगी बळींचं राष्ट्रीय स्मारक. मायकेल एल्मग्रीन आणि इंगार ड्रागसेट या दोघांनी केलेलं, २००८च्या मे महिन्यात खुलं झालेलं. ठोकळ्याला एक छोटी तिरपी खिडकी आहे. तिच्याशी डोळा लावला की आत चुंबन घेणाऱ्या जोडप्यांची छोटी फिल्म चाललेली दिसते. मला हे स्मारक पटलं. मोठ्या चौथऱ्यावर हार घालण्यापेक्षा एकेकट्याने जवळ जाऊन बघायला लावणं या विषयाला शोभतं. उद्घाटनाला काही महिने होतात तोच खिडकीची काच कुणीतरी फोडली होती.

आता पहिली तक्रार, आणि ती गंभीर आहे. एबर्टश्ट्रासेवर रहदारी अखंड असते. आमचा गट वीसेक जणांचा होता, आणि कानात घालायची यंत्रं नव्हती. मागे उभ्या असलेल्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं. नेमकं याच ठिकाणी तो छावण्यांबद्दल सांगत होता. मी कंपनीला लिहून कळवलं आहे की एक तर गट दहाचा करा, नाही तर वीस युरोंत यंत्रं द्या. दोन्ही न करता एवढे पैसे घेणं बरोबर नाही. वय झालेल्या माणसांसाठी आणखी एक सूचना : या पट्ट्यात बसायला जागा जवळपास नाही. भाचा दोनदा म्हणाला, “मावशी, टेक जरा कुठेतरी,” पण टेकायचं कुठे?

मी पुढे घुसून ऐकलं, म्हणून सांगू शकते. शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर आलेला माणूस सुटायचाच असं नाही. १२ जुलै १९४०ला नाझींचा पोलिसप्रमुख हिमलर याच्या कचेरीतून हुकूम निघाला : ज्याने एकापेक्षा जास्त पुरुषांना ‘फूस लावली’ त्याला सुटकेनंतर प्रतिबंधक कोठडीत घ्या. प्रतिबंधक कोठडी म्हणजे छावणी. तिथे आरोपपत्र नाही, वकील नाही, मुदत नाही, अपील नाही. न्यायाधीशाने दिलेली शिक्षा पुरी झालेली असायची, तरीही. छावणीत कपड्यावर त्रिकोण. राजकीय कैद्यांचा लाल, समलिंगी म्हणून धरलेल्यांचा गुलाबी. या लोकांना इतर कैद्यांचाही आधार फारसा मिळायचा नाही, घरच्यांनी नाव टाकलेलं असायचं. रूडिगर लाउटमान यांनी या कैद्यांचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजानुसार छावणीत गेलेल्या गुलाबी त्रिकोणवाल्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास तिथेच मेले.

योझेफ कोहाउट या व्हिएन्नाच्या तरुणाची हकीकत त्याने इथेच सांगितली. १९३८च्या नाताळात त्याने मित्राला एक फोटो दिला, मागे प्रेमाने दोन ओळी लिहून. तो फोटो गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हाती लागला. आधी तुरुंग, मग साक्सेनहाउसेनची छावणी, मग फ्लोसेनबुर्गची. तो जगला. त्याच्या कपड्यावरची नंबराची पट्टी आणि गुलाबी त्रिकोण आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. एका फोटोमागच्या दोन ओळी पुरावा ठरतात, आणि सहा वर्षं जातात. मी किती मुद्देमाल नजरेखालून घातला असेन, पण असा नाही.

या छळामागचा नाझींचा हिशेब काय होता, हेही त्याने नेमकं सांगितलं, आणि बरेच लोक हे सोडून देतात म्हणून इथे नोंदवते. १९३६ मध्ये हिमलरने बर्लिनमध्ये एक मध्यवर्ती कचेरी उघडली. कचेरीकडे दोन कामं : समलिंगी पुरुषांचा बंदोबस्त आणि गर्भपाताचा बंदोबस्त. दोन्ही एकाच कचेरीत का? कारण राजवटीला पोरं हवी होती, सैन्यासाठी. जो पुरुष मूल देत नाही आणि जी बाई मूल पाडते, ते दोघेही सरकारचं देणं बुडवतात, अशी ती वसुली होती. माणसाच्या अंथरुणापर्यंत सरकार पोचलं की ते तिथे एकाच बाजूने थांबत नाही, हे मला या एका कचेरीच्या पाटीवरून जितकं कळलं तितकं मोठ्या भाषणांतून कळलं नव्हतं.

बायकांबद्दल मात्र तो फार थोडं बोलला. कलम १७५ बायकांना लागू नव्हतं, एवढं सांगून पुढे निघाला. मी विचारल्यावर म्हणाला की ऑस्ट्रियात कायदा वेगळा होता, तिथे बायकांवरही खटले झाले. जर्मनीतही समलिंगी बायका दुसऱ्या कारणांखाली धरल्या गेल्या. हेन्नी शेरमान ही फ्रँकफर्टची ज्यू मुलगी राव्हेन्सब्रुकच्या बायकांच्या छावणीत गेली आणि १९४२ मध्ये बेर्नबुर्गला विषारी वायूने मारली गेली. तिच्या फोटोमागे कैद्यांची निवड करणाऱ्या नाझी डॉक्टरने ती समलिंगी असल्याची नोंद केली होती. राव्हेन्सब्रुकमध्ये समलिंगी बायकांसाठी स्मृतिचिन्ह बसायला २०२२ उजाडलं. हे सगळं त्याला ठाऊक होतं, तर मग मुळात सांगायला हवं होतं. विचारणारी मी नसते तर गटातल्या कुणाला ते कळलंच नसतं.

शेवटचा टप्पा ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळून टियरगार्टनच्या उत्तर टोकाला, जिथे माग्नुस हिर्शफेल्ड यांची लैंगिक विज्ञान संस्था होती. १९१९च्या जुलैमध्ये उघडलेली. दवाखाना, सल्लाकेंद्र, ग्रंथालय, सगळं एका छताखाली. कलम १७५ रद्द करा, या अर्जासाठी हिर्शफेल्ड १८९७पासून सह्या गोळा करत होते. सह्या करणाऱ्यांत आइनस्टाइन आणि लेखक थॉमस मान होते. १९२९च्या ऑक्टोबरमध्ये संसदेच्या समितीने ते कलम काढण्याच्या बाजूने १५ विरुद्ध १३ असं मत दिलंही, पण सभागृहापुढे ते कधी आलंच नाही. ६ मे १९३३ला विद्यार्थ्यांच्या जमावाने संस्था लुटली, बाहेर बँड वाजत होता. १० मेच्या रात्री तिथली पुस्तकं जाळली. हिर्शफेल्ड तेव्हा देशाबाहेर होते. परत कधी आलेच नाहीत, १९३५ला आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी फ्रान्समधल्या नीसमध्ये वारले. आज इमारत नाही, युद्धात पडली. नदीपलीकडच्या काठाला त्यांचं नाव आहे आणि तिथे रंगीत फुलांचं शिल्प उभं केलंय.

मी असते तर हा टप्पा सर्वात आधी घेतला असता. आधी काय होतं ते कळलं, की काय गेलं ते कळतं. चालण्याच्या सोयीसाठी त्यांनी क्रम उलटा केला आहे, आणि त्याचा तोटा दुसऱ्या तक्रारीत दिसतो : १९४५नंतरच्या गोष्टीला उरतात जेमतेम दहा मिनिटं. तोवर सगळे दमलेले असतात, कुणी घड्याळ बघत असतं. आणि माझ्या मते तीच या विषयातली सर्वात जड दहा मिनिटं आहेत.

नाझी गेले. कलम राहिलं. पश्चिम जर्मनीने १९३५चा मजकूर जसाच्या तसा ठेवला, १९६९पर्यंत. १९५७ला घटना न्यायालयाने तो वैध ठरवला. १९४९ ते १९६९ या वीस वर्षांत आणखी सुमारे पन्नास हजार लोकांना शिक्षा झाल्या, म्हणजे हिटलरच्या काळात झाल्या जवळजवळ तितक्याच. छावणीतून जिवंत आलेल्यांना नुकसानभरपाईच्या कायद्यात जागा नव्हती, कारण कागदोपत्री ते गुन्हेगारच होते. पूर्व जर्मनी १९५०ला जुन्या मजकुराकडे परतला आणि १९६८ला त्यांनी कलम काढलं. सबंध देशातून ते गेलं १९९४ साली. नाझी न्यायालयांच्या शिक्षा रद्द झाल्या २००२ला. युद्धानंतरच्या शिक्षा रद्द व्हायला २०१७ उजाडलं. भरपाई ठरली प्रत्येक शिक्षेमागे तीन हजार युरो आणि तुरुंगातल्या प्रत्येक वर्षामागे दीड हजार.

निकाल फिरवायला लागलेली वर्षं मी मनाशी मोजत होते. १९३७ला पंचवीस वर्षांचा असलेला माणूस २००२ला नव्वदीत. किती जण हयात असतील? रूडोल्फ ब्राझ्डा होते. बुखेनवाल्डच्या छावणीतून वाचलेले, २००८ला ते स्मारक बघायला आलेही होते, २०११ला अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले. बाकीचे बहुतेक सगळे गुन्हेगार म्हणूनच मेले. अपिलात निर्दोष सुटलेल्या आरोपीचा चेहरा मी पाहिलेला आहे, म्हणून हे मला जास्त लागलं. यावर किमान अर्धा तास हवा. भाच्याचा नवरा तिथे जे बोलला ते सांगते : त्याच्या आजोबांच्या धाकट्या भावाबद्दल घरात कुणी कधी काही बोलत नसे, तो १९६२ला तुरुंगात गेला होता एवढंच माहीत होतं. वाटाड्याने त्याला अभिलेखागारात अर्ज कसा करायचा ते कागदावर लिहून दिलं. फेरी संपल्यावर, स्वतःच्या वेळात. त्या मुलाला पाच तारे द्यायलाच हवेत. कंपनीला मी चार दिले.

लहान मुलांना नेऊ नका, पण सोळासतराच्या मुलांना जरूर न्या. इंग्रजी बऱ्यापैकी समजत असावी, जर्मन यायची गरज नाही. आरक्षण करताना गट किती जणांचा आहे ते आधी विचारा, आणि उभं राहायचं वाटाड्याच्या अगदी जवळ. पायात चालायचे बूट, पाण्याची बाटली, आणि स्वच्छतागृह पोट्सडामर प्लाट्झला उरकून घ्या, पुढे लवकर मिळत नाही.

या फेरीत साक्सेनहाउसेन येत नाही. ते वेगळं करा, दुसऱ्या दिवशी. एस-१ या लोकल गाडीने ओरानियनबुर्ग, शेवटचं स्टेशन. तिकीट ए-बी-सी विभागांचं काढा, एरवीचं ए-बी चालत नाही आणि तपासनीस दंड करतो. स्टेशनवरून वीस मिनिटं चालत. प्रवेश मोफत आहे. संचलन मैदानावर बुटांच्या चाचणीची वाट दिसेल, वेगवेगळ्या खडीची आणि वाळूची. कारखान्यांचे बुटांचे तळवे किती टिकतात हे बघायला कैद्यांना दिवसाला चाळीस किलोमीटरपर्यंत चालवत. गुलाबी त्रिकोणवाल्यांना या कामावर आणि विटांच्या कारखान्यावर मुद्दाम पाठवत. त्या कारखान्याच्या कामावर १९४२च्या उन्हाळ्यात अशा सुमारे दोनशे कैद्यांना ठरवून मारलं. कारखान्याची जागा मुख्य छावणीपासून लांब, कालव्याकाठी आहे, आणि बहुतेक पर्यटक तिथे जात नाहीत. तुम्ही जा. त्यासाठी अर्धा दिवस जास्त धरा, आणि निघण्याआधी माहितीकेंद्रात रस्ता विचारून घ्या.